पॅलेट चेंजरची बैठक चिप्स आणि कूलंटपासून कशी वाचवावी

पॅलेट म्हणजे जॉब बांधायची प्लेट, आणि पॅलेट चेंजर म्हणजे मशीनमधले पॅलेट आपोआप बदलणारी यंत्रणा. समजा, ४०० मिमीच्या पॅलेटखाली चार लोकेटर (पॅलेटची जागा पक्की करणाऱ्या टेकण्या) आहेत आणि दोन लोकेटरमधले अंतर ३२० मिमी आहे. एका बाजूच्या लोकेटरखाली ०.०४ मिमी जाडीची चिप (कापलेल्या धातूचा तुकडा) राहिली, तर ४०० मिमी उंच टूमस्टोनच्या (पॅलेटवरचा, जॉब लावायचा उभा ठोकळा) माथ्यावर पॅलेट ०.०५ मिमी कलते. ड्रॉइंगवर बोअरचा काटकोन ०.०२ मिमीच्या आत मागितला असेल तर तो जॉब गेलाच. एक जॉब जाणे हा त्यातला लहान तोटा. क्लॅम्पची ताकद काही टनांची असते. ती चिप कडक केलेल्या पृष्ठभागात दाबली जाते, तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या कडेला धातू उंचावतो. मग चिप काढून टाकली तरी त्या जागी येणारे प्रत्येक पॅलेट त्या उंचवट्यावर बसते.

पॅलेट चेंजर असो, झिरो पॉइंट प्लेटवर (पॅलेट दरवेळी त्याच जागी पकडणाऱ्या लॉकची प्लेट) पॅलेट ठेवणारा रोबो असो की थेट फिक्स्चरमध्ये (जॉब पकडणारे साधन) जॉब भरणारा रोबो असो, सांभाळायची गोष्ट एकच: बैठक, म्हणजे जिथे धातू धातूवर टेकतो ती जागा. बाकी कव्हर, बेलोज (घडीची कव्हर), पत्रे हे सगळे त्या बैठकीसाठी. आणि सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की पॅलेट टेकलेले असताना बैठक फारशी घाण होत नाही. ती उघडी पडते त्या काही सेकंदांत जास्त घाण होते. मशिनिंग चालू असताना पॅलेट स्वतःच बैठकीचे झाकण असते. म्हणून बहुतेक उपाय पॅलेट उचलण्याच्या आधीच्या मिनिटात आणि उचलल्यानंतरच्या सेकंदांत करायचे असतात.

आधी पाहा, घाण नेमकी कुठून येते

काहीही विकत घेण्याआधी एक पूर्ण सायकल पाहण्यात घालवा. पॅलेट बाहेर आल्यावर त्याची खालची बाजू, लोकेटरची भोके आणि कडा टॉर्च लावून बघा. कुठल्या कोपऱ्यात ओल आहे, थेंब कुठून पडतोय, चिप्स कोणत्या बाजूला साचल्या आहेत? चित्र काढून त्यावर खुणा करा. दोन-तीन वेगवेगळ्या जॉबनंतर हेच करा. सहसा खुणा एक-दोन जागीच जमतात: फिक्स्चरमधला पाणी साठवणारा खिसा, चेंजरच्या दाराची वरची कड, किंवा ड्रिल आरपार निघाल्यावर स्पिंडलमधून येणारे कूलंट जिथे आदळते ती जागा.

धातूप्रमाणे त्रासही बदलतो. बिडाची भुकटी कूलंटमध्ये मिसळून चिखल होतो, वाळला की तो घट्ट बसतो आणि बारीक भोके बंद करतो. ॲल्युमिनियमच्या चिप्स हलक्या. त्या कूलंटबरोबर वाहतात, पत्र्याला चिकटतात आणि हवेच्या झोताने भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात. स्टेनलेसची लांब गुंतवळ पॅलेटच्या कडेला अडकून लोंबते आणि पॅलेट फिरताना थेट बैठकीवर ओढली जाते. पितळेच्या सुया वायपरच्या (पत्रा पुसणारी पट्टी) ओठाखाली घुसतात. ग्रॅफाइटची धूळ वीजवाहक असते आणि घासणारीही, त्यामुळे तिच्यासाठी हवेचा झोत वापरूच नका. तिथे खेचून घेणारे सक्शन हवे.

फिक्स्चरमध्ये पाणी साठू देऊ नका

पॅलेटबरोबर बाहेर जाणारे कूलंट बहुतेक फिक्स्चरच्या खिशांतून येते. फिक्स्चरचे डिझाइन करतानाच प्रत्येक खोलगट जागेला ८ ते १० मिमीचे निचऱ्याचे भोक ठेवा. त्याहून लहान भोक पहिल्याच पाळीत चिप्सने बुजते. भोक कुठे उघडते तेही बघा: ते लोकेटरच्या दिशेने नको, पॅलेटच्या बाहेरच्या कडेकडे हवे. नुसते पाणी वाहून जायला थोडासा उतार पुरतो, पण ओल्या चिप्स घसरायला निदान ४५ अंश लागतात. सपाट आडवी जागा टाळता येत नसेल तर तिच्यावर तिरका पत्रा लावा.

ॲलन बोल्टची काउंटरबोअर भोके हे चिप्सचे आवडते घर. एम१२ किंवा एम१६ बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टोप्या बसवा. टोपी पृष्ठभागाशी समतल असावी. वर आलेली टोपी नवा कोपरा तयार करते. न वापरलेले टी-स्लॉट पट्टी घालून बुजवा, न वापरलेल्या आट्यांच्या भोकांत ग्रब स्क्रू घाला. हे काम एकदा केले की वर्षानुवर्षे पुरते, म्हणून कंटाळा करू नका.

आरपार ड्रिल करताना ड्रिल बाहेर पडल्याक्षणी ७० बारची धार मोकळी होते आणि खाली जे असेल त्यावर आदळते. खाली पॅलेटची कड असेल तर धार फटीतून आत शिरते. प्रोग्रॅममध्ये ड्रिल बाहेर पडायच्या १ ते २ मिमी आधी दाब कमी करता येत असेल तर करा. पण खोल भोकात दाब तोडला तर चिप्स अडकून ड्रिल मोडू शकते; तिथे दाब ठेवा आणि भोकाच्या समोर धार अडवणारी जाड प्लेट बसवा. फेस मिलिंगमध्ये चिप्स कोणत्या बाजूला उडतात ते पाहून पासची दिशा निवडा. चेंजरच्या दारापेक्षा त्या कन्व्हेयरच्या बाजूला पडणे केव्हाही बरे.

रिकामी बैठक उघडी ठेवून काम करू नका

चार झिरो पॉइंट मॉड्यूल (लॉक) असलेल्या प्लेटवर कधी दोनच मॉड्यूलवर बसणारा छोटा जॉब लागतो आणि उरलेले दोन तसेच उघडे राहतात. त्यांच्या तोंडात कूलंटचे तळे होते, बारीक चिप्स लॉकच्या गोळ्यांच्या खाली बसतात आणि पुढच्या मोठ्या पॅलेटच्या वेळी त्याच्या खालचा स्टड (लॉकमध्ये शिरणारी खुंटी) पूर्ण आत जात नाही. प्रत्येक उघड्या मॉड्यूलसाठी बनवणाऱ्याचा प्लग मिळतो, तो वापरा. प्लग ठेवायची जागा मशीनजवळच करा, कारण ड्रॉवरमधला प्लग कोणी आणायला जात नाही.

टेबलावर पॅलेटच नसताना वॉशडाउन (कूलंटने धुणे) चालवणे, स्पिंडल गरम करताना कूलंट सोडणे, किंवा रात्रभर बैठक उघडी ठेवणे, हे तिन्ही टाळा. त्यासाठी एक जुने पॅलेट झाकण म्हणून राखून ठेवा आणि दुसरे काही नसेल तेव्हा ते टेबलावर चढवा. पीएलसीमध्ये (मशीनच्या हालचाली चालवणारा कंट्रोलर) साधे इंटरलॉक घातले तर आणखी चांगले: पॅलेट क्लॅम्प झाल्याचा सिग्नल नसेल तर कूलंट पंप सुरू होणार नाही.

पॅलेट बदलण्याआधीचा क्रम

हॉरिझॉन्टल मशीनसाठी खालचा क्रम चांगला चालतो. वेळा सुरुवातीच्या आहेत. आपल्या जॉबवर पाहून कमी-जास्त करा.

१. शेवटचे टूल मागे घ्या, स्पिंडलमधले कूलंट बंद करा.
२. कमी दाबाच्या, भरपूर प्रवाहाच्या धारेने वरून खाली धुवा. टेबल ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर थांबवून प्रत्येक बाजूला ५ सेकंद द्या. इथे जास्त दाब उपयोगाचा नाही. तो चिप्स हलवत नाही, फटीत ढकलतो.
३. एम०९ देऊन सगळे कूलंट बंद करा.
४. टेबल ४५ अंशांवर आणून १० सेकंद थांबा. मग टेबल मध्यम वेगाने दोन फेरे फिरवा. झटका देऊ नका.
५. चिप फॅन (स्पिंडलमध्ये लावायचा, चिप्स उडवणारा पंखा) किंवा स्पिंडलमधून येणारी हवा वापरा. फॅनचा मार्ग चेंजरच्या दाराजवळ सुरू करून दारापासून लांब न्या. उलट नेला तर सगळी घाण दाराच्या सीलवर जमते. फॅनवर कोरलेल्या वेगाच्या पुढे कधीही जाऊ नका आणि पाती उघडल्यावरच्या व्यासाला क्लिअरन्स आहे का ते आधी मोकळ्या जागेत तपासा.
६. १० ते २० सेकंद निथळू द्या.
७. बदलण्याच्या जागी या. बैठकीची हवा सुरू झाल्यावरच पॅलेट उचलले जावे. नवे पॅलेट टेकेपर्यंत हवा चालूच राहावी.
८. क्लॅम्प, बैठक-तपासणी, आणि मगच एम०८ देऊन कूलंट सुरू.

हा सगळा क्रम प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी हाताने लिहिण्यापेक्षा एका सबप्रोग्रॅममध्ये ठेवा आणि एम६० च्या आधी तोच बोलवा. तुमच्या कंट्रोलवर पॅलेट बदलाचा कोड वेगळा असेल तर त्याप्रमाणे. हाताने लिहिले की कोणीतरी घाईत निथळण्याची २० सेकंदे ४ वर आणतो आणि महिनाभराने बैठकीत गंज दिसतो. एकूण मिनिटभर जास्त जातो ही तक्रार येईल. ज्या चेंजरवर पाऊण तासाचा जॉब चालतो तिथे या मिनिटाचा हिशोब करण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांच्या जॉबवर मात्र पायरी ४ आणि ६ कमी करून फिक्स्चरचा निचरा सुधारावा लागतो.

व्हर्टिकल मशीनवर जॉब थेट आडव्या पॅलेटवर असल्याने पाणी आपोआप निथळत नाही. तिथे फॅनचा भर मध्यापासून कडेकडे ठेवा आणि निचऱ्याच्या भोकांवर जास्त विसंबा.

हवा: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

रेग्युलेटरवरचा गेज ६ बार दाखवतो म्हणून बैठकीवर हवा पोचते असे नाही. तो आकडा हवा थांबलेली असतानाचा. झोत सुरू असताना लोकेटरच्या जवळ गेज लावून बघा. ६ चे ३ झालेले दिसले तर नळी लहान आहे. बाहेरून ६ मिमीच्या प्लास्टिक नळीचे आतले भोक साधारण ४ मिमी असते, १२ मिमीच्या नळीचे ८ मिमी, म्हणजे वाटच चौपट. मुख्य लाइनपासून बैठकीपर्यंत १२ मिमी नळी ओढा आणि मशीनच्या अगदी जवळ १० ते २० लिटरची हवेची छोटी टाकी बसवा. झोत काही सेकंदांचाच असतो, टाकी तेवढा पुरवठा सहज करते. झोत चालू असताना दाब १ बारपेक्षा जास्त पडू नये असे लक्ष्य ठेवा.

ओली हवा म्हणजे बैठकीवर पाणी फवारणे. रेफ्रिजरेशन ड्रायरने हवेचा दवबिंदू साधारण ३ अंश सेल्सिअसवर येतो, या कामाला तो पुरतो. मुख्य पाइपमधून फाटा वरच्या बाजूने काढा. खालून काढलेल्या फाट्यात पाइपमधले पाणी आधी येते. या लाइनवर ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, लुब्रिकेटर लावू नका. तेलाचा थर धूळ धरून ठेवतो.

आता एक गोष्ट, जी ड्रॉइंगवर दिसत नाही. झोत बंद झाला की लोकेटरच्या भोकाभोवतीचे कूलंट नळीत मागे उतरते. पुढच्या झोतात तेच चिखल होऊन बैठकीवर उडते. उपाय दोन: बैठकीच्या अगदी जवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि मशिनिंग चालू असताना ०.२ ते ०.३ बारची सतत बारीक हवा. ही हवा पॅलेटच्या कडेने बाहेर पडत राहते, म्हणून कूलंटला आत यायला वाटच राहत नाही. मात्र बैठक-तपासणीची हवा या लाइनपासून वेगळी ठेवा, नाहीतर तपासणीचे आकडे बिघडतील.

स्प्रिंगने लॉक होणाऱ्या आणि हवेने उघडणाऱ्या झिरो पॉइंट मॉड्यूलचा पिस्टन हलताना स्प्रिंगच्या बाजूची जागा हवा सोडते आणि परत ओढते. ते छिद्र ओल्या भागात उघडे असेल तर मॉड्यूल कूलंटचे धुके आत ओढते. आतली स्प्रिंग गंजते आणि पकड हळूहळू कमी होते. बाहेरून काहीच दिसत नाही. हे छिद्र नळीने मशीनबाहेर, कोरड्या जागी काढा. सिलिंडर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या सायलेन्सरलाही हाच नियम.

हातातली एअर गन हा बैठकीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. ऑपरेटर चांगल्या मनाने फुंकतो आणि चिप्स वायपरखाली, ऑइल सीलमध्ये, स्पिंडलच्या टेपरमध्ये जातात. गन ठेवायचीच असेल तर दाब २ बारच्या आत ठेवा, गनच्या तोंडावर अडवणारी चकती बसवा, डोळ्यांवर गॉगल सक्तीचा करा, आणि बैठकीकडे गन वळवायची नाही असे सांगा. बैठकीसाठी न धागा सुटणारे कापड आणि प्लास्टिकचा खरवडा पुरतो.

बैठक-तपासणी खोटे "ठीक" कधी देते

बैठकीच्या पृष्ठभागावर बारीक भोक असते, त्यातून हवा येते. पॅलेट नीट टेकले तर भोक बंद होऊन दाब वाढतो. खाली चिप असेल तर हवा निसटते, दाब वाढत नाही, मशीन थांबते. या पद्धतीची एक खोड आहे. भोक बिडाच्या चिखलाने बुजले तरी दाब वाढतो. म्हणजे बैठक जितकी घाण तितके मशीन जास्त खात्रीने "ठीक" म्हणते.

म्हणून पीएलसीमध्ये दोन्ही बाजू तपासा: पॅलेट बसल्यावर दाब वाढला का, आणि पॅलेट उचलल्यावर दाब पुरता पडला का. उचलल्यावर दाब पडला नाही तर भोक बुजले आहे. पुढचे पॅलेट घेऊच नका. हा बदल लॅडरमध्ये (पीएलसीचा प्रोग्रॅम) दोन-तीन ओळींचा आहे आणि बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

स्विचची मर्यादा अंदाजाने ठेवू नका. स्वच्छ पॅलेट बसवून दाब लिहा. मग एका लोकेटरच्या सपाट टेकणीवर, तपासणीच्या भोकाशेजारी पण ते न झाकता, ०.०५ मिमीची पितळी शिम (पातळ पत्री) ठेवून दाब लिहा. टेपरवर शिम ठेवू नका. मर्यादा या दोन आकड्यांमध्ये, स्वच्छ आकड्याच्या जवळ ठेवा. चारही लोकेटरवर हे करा, कारण एकाच स्विचला चार भोके जोडलेली असतील तर सगळ्यात दूरच्या भोकावर फरक कमी दिसतो. शिमसह क्लॅम्प करायला मशीन बनवणाऱ्याची परवानगी आहे का हे मॅन्युअलमध्ये पाहा, आणि हे सगळे सेटिंग मोडमध्ये, पॅलेट हलायची वाट लॉक करून करा. महिन्यातून एकदा एका लोकेटरवर शिम ठेवून अलार्म येतो का ते बघत राहा.

दुसरी तपासणी प्रोबने (टोक टेकवून जागा मोजणारे साधन). पॅलेटच्या वरच्या पृष्ठभागावर तीन ठिकाणी, शक्य तितक्या दूरदूर, प्रोब लावा आणि तिन्हींमधला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मॅक्रोने मशीन थांबवा. मर्यादा जॉबच्या टॉलरन्सवरून काढा, ०.०२ मिमी ही बऱ्याच कामांना चालते. अर्थात प्रोबचे टोक लागते त्या तीन जागा आधी धुतलेल्या हव्यात.

दार, वायपर, बेलोज

मशिनिंगचा भाग आणि चेंजर यांच्यामधल्या दाराच्या खालच्या रुळात चिप्स भरतात, मग दार २ मिमी उघडे राहते आणि सेन्सर कधी धरतो, कधी नाही. रूळ खालून उघडा ठेवा म्हणजे चिप्स पडून जातील. फिरत्या चेंजरमध्ये पॅलेट आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते. ती ३ ते ५ मिमी ठेवून तिच्यावर २० ते ३० मिमीची उभी कड एकमेकांवर चढवा. वळणावळणाची वाट पाण्याला सहज ओलांडता येत नाही. कोरड्या चिप्सना ब्रशची पट्टी चालते, ओल्या बारीक चिप्सना नाही. ब्रश काही दिवसांत घट्ट होतो. तिथे रबरी ओठ लावा.

सील निवडताना कूलंट कोणते ते आधी सांगा. एनबीआर (नायट्राइल रबर) तेलात चांगले टिकते आणि पाण्यातल्या इमल्शनमध्येही बहुधा चालते. एस्टर जातीचे पॉलियुरेथेन कोमट पाण्याच्या कूलंटमध्ये हळूहळू भुगा होते, ईथर जातीचे बरेच टिकते. एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) महाग म्हणून सगळीकडे उत्तम असा समज आहे; अमाइन असलेल्या कूलंटमध्ये साधे एफकेएम कडक होऊन तडकते. खात्री नसेल तर सीलचा तुकडा आपल्याच टाकीतल्या कूलंटमध्ये ४० ते ५० अंश सेल्सिअसवर आठवडाभर बुडवून ठेवा. वजन आणि जाडी आधी व नंतर मोजा. दहा टक्क्यांच्या आसपास फरक आला किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर ते सील नको.

वायपर बदलायची वेळ ओठ फाटल्यावर नसते. ओठाची धार गोल झाली, वायपरच्या मागे पत्र्यावर ओली रेघ राहू लागली, की बदला. दृश्य खिडकीचे पॉलिकार्बोनेटही कूलंटने ठिसूळ होत जाते. बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीत ते बदला आणि सॉल्व्हंटने पुसू नका.

सेन्सर आणि केबल

सेन्सरवरची आयपी६७ ही पाणीरोधक खूण म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. चाचणी साध्या पाण्याची असते, कूलंटची नाही, आणि वर्षभराची तर मुळीच नाही. पॅलेट हजर आहे का, क्लॅम्प उघडा आहे का, हे सांगणारे इंडक्टिव्ह सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारे) पूर्ण स्टीलच्या तोंडाचे घ्या. ते वर तोंड करून बसवू नका. वरच्या तोंडावर पोलादी चिप्सचा ढीग साचला की पॅलेट नसताना "आहे" असा सिग्नल येतो. आडवे किंवा खाली तोंड करून बसवा. आत फोटो सेन्सर टाळाच.

एम१२ कनेक्टर टॉर्क रिंचने ०.६ न्यूटन-मीटरला आवळा. हाताने आवळलेला कनेक्टर कंपनाने सैल होतो, मग ओ-रिंगशेजारून कूलंट केशाकर्षणाने केबलच्या आत चढते आणि दुसऱ्या टोकाच्या पॅनेलमध्ये निघते. केबल पॉलियुरेथेन आवरणाची घ्या, आणि कनेक्टरच्या आधी तिला खाली एक वळसा द्या म्हणजे थेंब तिथेच गळेल.

रोबो जॉब भरत असेल तर

रोबो आत जाताना दाराच्या वरच्या चौकटीखालून जातो. तिथून गळणारे थेंब नेमके मनगटावर पडतात. चौकटीला छोटी पन्हळ लावून पाणी बाजूला काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि मनगटाच्या सीलचे आयुष्य त्याने सरळ वाढते. दार उघडण्याआधी धुके काढणारा फॅन काही सेकंद चालू द्या.

दोन जबड्यांच्या ग्रिपरमध्ये एका बाजूला कच्चा आणि दुसऱ्या बाजूला तयार, ओला जॉब असतो. मनगट असे फिरवा की ओला जॉब कायम खाली राहील. ग्रिपरला आतून हवा द्यायचे छिद्र असते, तिथे ०.५ ते १ बार ठेवा, त्याने जबड्यांच्या मार्गात भुकटी शिरत नाही. नेमका आकडा ग्रिपरच्या पत्रकात मिळेल. जबड्यांच्या पकडीवर उभ्या खाचा पाडा, म्हणजे चिप अडकली तरी खाचेत जाईल. आणि जॉब ठेवण्याआधी फिक्स्चरच्या तीन टेकण्यांवर हवेचा झोत सोडणारी नोझल ग्रिपरवरच बसवा. ती टेकणीपासून ३० ते ५० मिमीवर तिरकी असली की चिप्स बाहेर जातात. सरळ वरून फुंकले तर त्या तिथल्या तिथे नाचतात.

पॅलेटवरच्या हायड्रॉलिक फिक्स्चरला आपोआप जुळणारी कपलिंग असतील तर त्यांचे तोंड सपाट जातीचे घ्या आणि जुळण्याआधी त्यांच्यावरही झोत द्या. ओ-रिंगवर एक चिप बसली की तेल झिरपते, दाब पडतो आणि जॉब कटरखाली सैल होतो. दाबाचा स्विच म्हणूनच हवा.

कूलंटच घाण असेल तर

गढूळ कूलंटने धुणे म्हणजे बारीक चिप्स पसरवणे. वॉशडाउनच्या पंपाला ५० मायक्रॉनपर्यंतचा फिल्टर द्या. तरंगणारे तेल स्किमरने काढा; ते बैठकीवर चिकट थर सोडते आणि त्यावर भुकटी बसते. कूलंटची तीव्रता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा कूलंटच्या फॅक्टरने गुणून घ्या. मिलिंगसाठी बहुधा ५ ते १० टक्के सांगितलेले असते. पीएच ८.५ ते ९.५ च्या दरम्यान ठेवा. तीव्रता कमी झाली की गंज पहिल्यांदा लोकेटरवर दिसतो, कारण तिथे पाणी सगळ्यात उशिरा वाळते.

पाळीच्या सुरुवातीला लोड स्टेशनच्या ट्रेची जाळी काढून झटका. आठवड्यातून एकदा पॅलेटची खालची बाजू आणि स्टड पुसा. स्टडवर तेलाचा पुसलेला थर पुरे, ग्रीसचा गोळा नको. साठवणीतली पॅलेट झाकून ठेवा.

बैठकीचा अलार्म आला तर

अलार्म रीसेट करून पुन्हा क्लॅम्प करून पाहणे ही सगळ्यात वाईट सवय. चिप तिथेच असते आणि दुसऱ्या दाबाने आणखी खोल जाते.

पॅलेट उचलून बाहेर घ्या. मशीनची वीज आणि हवा लॉक करा, साठलेला दाब सोडा, आणि मगच आत हात घाला. चिप हुकने किंवा कापडाने काढा. मग बोटाऐवजी नखाने टेकणीची कड फिरवून बघा. उंचवटा नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. उंचवटा असेल तर बारीक, सपाट ऑइल स्टोन पृष्ठभागाला समांतर ठेवून फक्त वर आलेला धातू काढा. खड्डा घासून घालवायचा प्रयत्न करू नका. खड्डा राहिला तर काही बिघडत नाही, पण टेकणी खाली गेली तर ती बदलावी लागेल.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला दुसरे पॅलेट त्याच जागी बसवून प्रोब लावा. चूक दोन्ही पॅलेटवर सारखी आली तर खराबी टेबलाच्या बैठकीत आहे. एकाच पॅलेटवर आली तर त्याच्या खालच्या बाजूला बघा. ते पॅलेट १८० अंश फिरवून बसवता येत असेल तर तिरकेपणाची दिशाही फिरते आणि शंका उरत नाही. टेबलाच्या बैठकीत दोष निघाला तर गेल्या अलार्मपासून त्या जागी झालेले सगळे जॉब वेगळे काढून मोजा.